नॅनो म्हणजे बुटका

१२ नोव्हेंबर २००६
खिओस बेट, आपलं गाव

सिदेरिस,

तू रेडिओवर खोटं बोललास.

अकरा वर्षांनी बहिणीचं पत्र आलं आणि पहिल्याच ओळीत भांडण काढते, असं म्हणशील. भांडायला लिहीत नाही. तुझी चूक दुरुस्त करायला लिहितेय.

मंगळवारी सकाळी आम्ही पाचजणी आपल्या स्वयंपाकघरात मस्तकीचा डिंक साफ करत बसलो होतो. यंदा झाडांना डिंक बरा सुटला, पण माती फार चिकटलीय. एकेक खडा चाकूच्या टोकानं खरवडावा लागतो. शेजारच्या अर्गिरो मावशीनं नेहमीसारखा तिचा रेडिओ आणून मोठ्यानं लावला होता. निवेदिका म्हणाली, आता अथेन्सच्या प्रयोगशाळेतून आपल्याशी बोलणार आहेत डॉक्टर अमुक अमुक, आणि त्यात आपलं आडनाव आलं.

"अगं बाई, आपला सिदेरिस!" मावशी ओरडली. सगळ्यांचे हात थांबले.

तुझा आवाज बाबांसारखा झालाय. वाक्य सुरू करण्याआधी बारीक खोकतोस, तेही त्यांच्यासारखंच. बोललास छान. माणसाचा केस ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो, एवढं मला समजलं. मग त्या बाईनं विचारलं, "डॉक्टर, हा नॅनो शब्द आला कुठून?" तू खोकलास. थांबलास. पुन्हा खोकलास. आणि म्हणालास, "लॅटिन आहे. म्हणजे, अतिशय लहान, असं काहीतरी."

असं काहीतरी!

मावशी लगेच म्हणाली, "लॅटिन कसलं डोंबलाचं? नानोस म्हणजे आपला बुटका ना? सरळ..." तेवढ्यात तिची नजर माझ्याकडे गेली आणि तिनं घाईघाईनं मस्तकीचा एक खडा तोंडात टाकला. मी म्हटलं, "मावशी, तो खडा थुंक. अजून धुतलेला नाही."

गुरुवारी मी बसनं शहरातल्या ग्रंथालयात गेले. तिथल्या पान्तेलिस नावाच्या माणसानं न विचारता माझ्यासाठी पायाखाली स्टूल आणून ठेवलं आणि तीन जाडजूड कोश काढून दिले. त्यात काय लिहिलंय ते ऐक. नानोस हा शब्द आपला, अडीच हजार वर्षांपूर्वीचा. अर्थ बुटका माणूस. रोमन लोकांनी तो आपल्याकडून उचलला, मग तो लॅटिनमध्ये गेला. म्हणजे तू अर्धं खरं बोललास म्हणायचं. मूळ कुठलं ते पक्कं कुणालाच ठाऊक नाही. एका विद्वानाला वाटतं, लहान मुलं काका-आत्याला जशी लाडानं बोबडी हाक मारायची, त्यातलाच हा शब्द असावा. हे वाचून मला हसू आलं. लाडाचा शब्द! आणि तुम्ही शास्त्रज्ञांनी पॅरिसला सभा भरवून अब्जाव्या भागाला हे नाव पक्कं केलं ते १९६० साली, माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी. त्याच सभेत अब्जपटीला गिगा म्हणायचं ठरलं. गिगास म्हणजे महाकाय राक्षस. त्या बाईनं गिगाबद्दल विचारलं असतं, तर तू छाती फुगवून सांगितलं असतंस.

पुढच्या वेळी कुणी विचारलं तर नीट सांग. उत्तर पाठवलं नाहीस तरी चालेल.

मार्केला

ता. क. मी ठणठणीत आहे. आजारी आधीही नव्हते.


३ डिसेंबर २००६

सिदेरिस,

नवव्या दिवशी तुझं उत्तर आलं. चार पानं. डॉक्टर झालास, पण अक्षर पाचवीतलंच राहिलं. दोन ओळी तर पोस्टमनकडून वाचून घेणार होते, पण म्हटलं नको. घरचं घरात राहू दे.

तू लिहितोस, तो शब्द तुझ्या तोंडातून निघत नाही. रोज प्रयोगशाळेत शंभरदा नॅनो म्हणतोस, पण नानोस म्हणायची वेळ आली की नुसता खोकतोस. का, तेही लिहिलंस. शाळेच्या अंगणातला तो दिवस. इतकी वर्षं तुला वाटत होतं, मी ते ऐकलं नाही.

ऐकलं होतं रे.

तू डबा विसरला होतास. आईनं पाव आणि चीज फडक्यात बांधून दिलं आणि मी घेऊन आले. भिंत माझ्यापेक्षा उंच, म्हणून तुम्हां मुलांना मी दिसले नाही. आतून ओरडा चालला होता, "बुटकी मार्केला, टेबलाखाली उभी राहिली!" खाटकाचा मुलगा, पाद्रीबाबांचा मुलगा, तो चकणा यानिस, सगळ्यांचे आवाज मी ओळखत होते. त्यांची मला सवय होती. त्यात एक आवाज नवा होता.

गाठोडं फाटकापाशी ठेवून मी घरी आले. संध्याकाळी तू म्हणालास, कुणीतरी डबा आणून ठेवला होता. मी म्हटलं, असेल कुणी.

त्याचा राग नाही, खरंच नाही. तू अकरा वर्षांचा होतास. सहाव्या वर्षी माझ्या उंचीचा झालास तेव्हा पाठीला पाठ लावून उभा राहिला होतास आणि नंतर आईकडे जाऊन रडला होतास. "मार्केला का वाढत नाही?" म्हणून. तेव्हा मीच तुला समजावलं. तसा तू चांगला होतास. पोरांत एकटं पडायची भीती सगळ्यांनाच असते.

पण लग्न केलंस तेव्हा तू तीस वर्षांचा होतास.

आईनं माझ्यासाठी निळा झगा शिवला होता. शहरातल्या चांभाराकडून मापाचे बूट करून घेतले होते, टाचेचे. आठ दिवस आधी तुझा फोन आला. "नोंदणी कार्यालयात साधंच करतोय, पाच-सहा माणसं. आईला एकटीला पाठव." आई गेली. परत आली. पुढे एकदा गादी उलटताना मला खाली फोटोंचा अल्बम सापडला. चर्च, फुलं, दीडशे माणसं. आपला मामासुद्धा होता!

तेही मी गिळलं असतं. मग ईस्टरला तुझ्या सासूबाईंचं कार्ड आलं. "प्रिय मार्केला, तुमच्या आजारपणाबद्दल सिदेरिसनं सांगितलं. प्रवास झेपत नाही हे ऐकून फार वाईट वाटलं. लवकर बऱ्या व्हा." कार्डावर पिवळी फुलं होती. मी ते दोनदा वाचलं. बुटकी आहे म्हणून सांगितलं असतंस, तर निदान खरं तरी बोलला असतास.

तू लिहितोस, तुझ्या बायकोला, लितोला, लग्नानंतर खरं कळलं आणि ती तीन दिवस तुझ्याशी बोलली नाही. मला ती आत्ताच आवडायला लागली.

मस्तकीच्या दोन चाळण्या अजून बाकी आहेत. थांबते.

मार्केला


९ जानेवारी २००७

सिदेरिस,

नाताळची बिस्किटं पोचली. तुझ्या लेकीनं, स्मारागदानं काढलेलं चित्रही. नऊ वर्षांची पोर आणि जहाजाच्या दोऱ्यासुद्धा मोजून काढल्यात. आपल्या आईचं नाव तिला शोभतं.

तू विचारलंस, शेवटी आईनं तुझी आठवण काढली होती का.

तू हे कधीतरी विचारणार हे मला माहीत होतं. आई गेल्यापासून तुला लिहायचं टाळलं त्याचं खरं कारण हेच. लग्नाचा राग होता, पण राग हे चांगलं निमित्त होतं. आता लिहिते, एकदाच लिहिते, पुन्हा विचारू नकोस.

तुला मी फोनवर सांगितलं होतं, आई पहाटे झोपेतच गेली, अचानक, कळवायलाही वेळ मिळाला नाही. तसं झालं नव्हतं. ती नऊ दिवस अंथरुणावर होती. दुसऱ्या दिवशी डॉक्टर येऊन गेले आणि मला बाहेर घेऊन म्हणाले, "मुलाला बोलावून घ्या." फोन आईच्या उशाशी होता. मी केला नाही.

ती रोज सकाळी विचारायची, "सिदेरिसला कळवलंस?"

"कळवलं, आई."

पाचव्या दिवशी म्हणाली, "निघाला का गं तो?"

"निघाला. वाऱ्यामुळे बोटी थांबल्यात."

बाहेर पानही हलत नव्हतं. ती कान देऊन ऐकायची आणि म्हणायची, "हो, वारा आहे." आठव्या दिवशी तिनं मला केस विंचरायला सांगितले. "पोरगा येईल, अशी अवतारात नको दिसायला." मी विंचरले. वेणी घातली. दुसऱ्या दिवशी ती गेली आणि मग मी तुला फोन केला.

का केलं ते मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. तेव्हा मनाशी म्हटलं होतं, त्यानं मला आजारी केलं, मी आईला धडधाकट ठेवते. त्या दिवसांत ते मला अगदी बरोबर वाटलं होतं. तिची वेणी घालतानासुद्धा. पुरल्यावर घरी आले, तिचा कंगवा हातात घेतला आणि कळलं की तुझ्यावर उगारलेलं तिला लागलं.

गावात कुणालाच ठाऊक नाही. अर्गिरो मावशीलाही नाही, आणि तिला ठाऊक नाही असं या गावात दुसरं काही नसेल.

उत्तराची घाई करू नकोस.

मार्केला


२१ फेब्रुवारी २००७

सिदेरिस,

सहा आठवडे झाले. मी वाट बघत नाही, फक्त मोजलेत.

पावाच्या दुकानात भिंतीवर कागद लागलाय. शनिवार ३ मार्च, संध्याकाळी सहा, शहराच्या सभागृहात तुझं व्याख्यान. तुझा फोटो आहे. टक्कल पडायला लागलंय तुला. दुकानदार म्हणाला, "तुमचा भाऊ येतोय, तुम्हांला तर पहिल्या रांगेत बसवतील!" मी म्हटलं, बघू.

मी येऊ नये असं वाटत असेल तर कळव, नाही येणार. काहीच कळवलं नाहीस, तर येईन आणि मागे बसेन. मागून मला काही दिसत नाही, पण ऐकू येतं.

मार्केला


७ मार्च २००७

सिदेरिस,

तू बोटीवर चढलास आणि आम्ही बसनं परत आलो. तीन दिवसांत तुझ्याशी जेवढं बोलायचं होतं त्यातलं निम्मंही झालं नाही, म्हणून पुन्हा पत्र.

सभागृहात तू व्यासपीठावर होतास. मी कुठून काय पाहिलं ते तुला कळायचं नाही. आम्ही शेवटच्या रांगेत, मी आणि अर्गिरो मावशी. मावशीनं ईस्टरचा काळा झगा बाहेर काढला होता. समोर एक रुंद पाठीचा माणूस, त्यामुळे मला तुझा फक्त डावा कान दिसत होता. पडद्यावर तू काहीतरी दाखवलंस, सगळे "आहा" म्हणाले, मीही म्हटलं.

मग तू खोकलास, आणि मला कळलं.

"नॅनो," तू म्हणालास. "नोव्हेंबरात मला रेडिओवर विचारलं होतं, हा शब्द कुठला. मी चुकीचं सांगितलं. शब्द आपला आहे. नानोस. बुटका माणूस. मला ते माहीत होतं. इथल्या सगळ्या मुलांना माहीत आहे. लहानपणी हा शब्द मी माझ्या बहिणीला ओरडून म्हटला होता. तिनं तो ऐकला होता, हे मला या हिवाळ्यात समजलं."

कोपऱ्यात कुणाचा तरी पेला पडला. तू माझ्याकडे बोट दाखवलं नाहीस. मला शोधलंही नाहीस. ते बरं केलंस, कारण माझं तोंड त्या वेळी बघण्यासारखं नव्हतं. पण मावशी कसली गप्प बसते! उठून उभी राहिली आणि म्हणाली, "ही काय, ही इथे बसलीय!" सगळं सभागृह मागे वळलं. वळून त्यांना दिसणार काय, तो रुंद पाठीचा माणूस! तो बिचारा ओशाळून बाजूला सरकला.

मी म्हटलं, "सिदेरिस, पुढचं सांग. आमची शेवटची बस आठची आहे."

लोक हसले. तूही हसलास, आणि मग पाणी प्यायलास. पुढचं तू काय सांगितलंस ते मला काहीच आठवत नाही. बसही चुकलीच.

रविवारी कबरीपाशी काय झालं ते मी पुन्हा लिहिणार नव्हते. पण तू काय म्हणालास ते विसरू नये म्हणून लिहिते. तू शेजारच्या संगमरवरावर बसलास. मी तेलाचा दिवा पुसत होते. तू विचारलंस, "वेणी कशी घातलीस?" मी म्हटलं, "एकच. पाठीवर." मग म्हणालास, "मार्केला, हे मला माफ करता येणार नाही. निदान आज तरी नाही."

"आज कोण मागतंय?"

"आणि लग्नाचं? ते तू माफ केलंस?"

"मलाही अजून जमलेलं नाही."

"मग आपण काय करायचं?"

मी म्हटलं, "घरी जाऊ. उसळ गार होतेय." ईस्टरआधीचे उपासाचे दिवस, मांस-चीज बंद, दुसरं काही नव्हतंच. तू तीन वाट्या खाल्ल्यास. मग टेबलाशी बसून चाकू घेतलास आणि मस्तकी साफ करायला लागलास. बायका आल्या तेव्हा तू सातवा खडा फोडत होतास. मावशी तुझा एक खडा उजेडाला धरून म्हणाली, "एवढं अब्जाव्या भागाचं बघतोस आणि ही काडी दिसत नाही होय रे तुला?" तू कान लाल करून म्हणालास, "मावशी, तिथं यंत्र असतं." ती म्हणाली, "मग यंत्रालाच पाठवायचं होतं!"

तू फोडलेले खडे मी वेगळे ठेवलेत. विकायला जात नाहीत, चहात टाकीन.

मार्केला


३० मार्च २००७

सिदेरिस,

काल तुझं पत्र आलं आणि रात्री स्मारागदाचा फोन. आधी फोनचं सांगते. तिनं विचारलं, "आत्या, तू माझ्याएवढी आहेस हे खरं का?"

मी म्हटलं, "तू केवढी आहेस?"

"थांब." धावत गेली, तिकडे काहीतरी पडलं, परत आली. "एकशे एकतीस सेंटीमीटर."

"मग तू माझ्यापेक्षा मोठी. मी एकशे एकवीस."

मग म्हणाली, "मग माझे जुने कपडे तुला येतील!" मागून लितो ओरडलेली मला ऐकू आली. तिला ओरडू नका. पोरीनं मनापासून देऊ केलंय. लाल जाकीट असेल तर घेईन.

आता तुझं पत्र. तू लिहितोस, एप्रिलमध्ये विद्यापीठात तुमचा मोठा कार्यक्रम आहे. सुरुवातीला तू शब्दाची गोष्ट सांगणार, आणि मी तुझ्या शेजारी उभी राहून दोन शब्द बोलावेत. माझा मान होईल, असं तुला वाटतं. तुझ्या मनात वाईट काही नाही हे मला कळतं. तू रात्रभर विचार करून लिहिलं असशील, खाडाखोड दिसतेय.

मी येणार नाही.

नीट समजून घे, रागावू नकोस. आधी तू मला लपवलंस. आता मला मांडून ठेवायला निघालास. लोक तुझ्या पडद्याकडे बघतील, मग माझ्याकडे बघतील आणि म्हणतील, हां, म्हणजे नॅनो असं. मी चाळीस वर्षं लोकांना तसं बघताना पाहिलंय, मला त्यासाठी अथेन्सला यायला नको. शब्द पुस्तकात आहे. त्यांना पुस्तक दाखव. पान्तेलिस पान क्रमांकसुद्धा देईल.

कार्यक्रम आधी होऊन जाऊ दे. त्यानंतर मी येते. शब्दाचा अर्थ म्हणून नाही, तुझी बहीण म्हणून. चार दिवस राहीन. लितोच्या हातचं खाईन, तिच्याशी बोलेन, तू खोलीत नसताना. तुझ्या सासूबाई असतील तर त्यांनाही भेटेन. काय सांगायचं ते माझं मी बघीन, तू मध्ये पडू नकोस. पोरीला वेणी घालायला शिकवीन, ती फोनवर म्हणाली तिच्या आईला घट्ट जमत नाही.

माफीचं अजून काही झालेलं नाही, ना तुझ्याकडून ना माझ्याकडून. ते बरोबर घेऊनच येते.

तिकीट काढलंय. रविवार २९ एप्रिल, सकाळी सहाला बोट पिरेअस बंदराला लागते. अर्गिरो मावशी म्हणते, मी पण येते, तिला कसंबसं थांबवलंय. मी या बेटाबाहेर कधी पाऊल टाकलेलं नाही, तेव्हा उशीर करू नकोस.

धक्क्यावर गर्दी असेल. तू उंच आहेस, एका जागी उभा राहा. मला शोधत बसू नकोस, तुला मी दिसायची नाही. मी हाक मारीन.

मार्केला